ऑर्विलनं काढलेला ड्रॉ

“मर्नाला फोन? कशाला? मी काय मेलोय?”

ऑर्विल पेनरनं शुक्रवारीच अख्ख्या क्लबला हे ऐकवून ठेवलं होतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात चौतीस वर्षं काढलेला माणूस. जगात न बसणारी वस्तू नसते, नीट बसवणारा नसतो, हे त्याचं ठाम मत!

भानगड अशी होती. एल्मसाइड कर्लिंग क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोणता संघ कोणाशी, बर्फाच्या कोणत्या पट्टीवर दगड सरकवत खेळणार ते, मर्ना शेवचुक गेली वीस वर्षं एका जुनाट प्रोग्रामवर काढत आली होती. यंदा तिचा पाय प्लास्टरमध्ये आणि क्लबात कोरा करकरीत संगणक, म्हणून ड्रॉचं काम ऑर्विलनं अंगावर घेतलं. नऊला सामने सुरू. आठला ऑर्विल ऑफिसात शिरला आणि दारावर पाटी लावली: ‘काम चालू आहे. व्यत्यय नको.’

त्यानं प्रोग्राम उघडला. काही नाही! पुन्हा उघडला. पुन्हा काही नाही! पडदा ढिम्म.

“हात्तिच्या! नव्या ट्रॅक्टरला जुना नांगर जोडलाय,” तो स्वतःशी म्हणाला. “एखाद्या खिट्टीचा फरक असणार.”

त्यानं माउसचं उजवं बटण दाबलं. एक चौकट उघडली. तिच्या पोटात दुसरी आणि तिच्याही तळाशी, कुणाला दिसू नये अशी दडवलेली एक यादी: ‘जुन्या संगणकावर असल्यासारखा चालव.’ ‘रंग कमी कर.’ ‘पडदा लहान कर.’ ऑर्विलला घबाडच सापडलं! एकेका ओळीपुढं खूण करायची, प्रोग्राम उघडायचा आणि अडलेल्या यंत्राला लाथ घालावी तसं एंटर तीनचारदा हाणायचं, असा सपाटा त्यानं लावला.

तेवढ्यात बाहेर हॉलमध्ये गलका सुरू झाला.

“चला, तीन नंबरची पट्टी!”

“अरे, पाच नंबर! आत्ताच पाच झाली!”

“कालपर्यंत बरी होती ही माणसं,” ऑर्विल पुटपुटला आणि त्यानं रंग आणखी कमी केले.

दारावर हलकी टकटक झाली. त्याच्याच संघातला गॉर्डी लिंडग्रेन. पाटी वाचून तो बिचारा बाहेरूनच बोलला. “ऑर्व्ही, अजून किती वेळा बदलणार आहेस?”

“माझ्या मनासारखं होईपर्यंत!”



“बाकीच्यांना असंच सांगू?”

“खुशाल सांग! म्हणावं, नऊ वेळा जमलं नाही, दहाव्यांदा जमवतोच!”

यावर बाहेर जो काही कल्लोळ उठला! लोक आपल्याला प्रोत्साहन देताहेत असं वाटून ऑर्विलनं हुरूपानं सगळ्याच ओळींपुढं खुणा करून टाकल्या.

नऊला पाच कमी असताना मात्र त्याचा धीर सुटला. घाम पुसत त्यानं फोन उचलला.

“मर्ना, पाय कसा आहे गं तुझा?”

“पाय मरू दे! मला सहा फोन आलेत. सोपा संघ मिळेपर्यंत तू म्हणे ड्रॉ बदलत बसलायस?”

“ड्रॉ? अगं, इथं प्रोग्रामच उघडेना!”



“ऑर्व्ही, तो हॉलमधल्या टीव्हीवर उघडतो. सगळ्यांना दिसावा म्हणून मीच तसं करून घेतलंय. आणि प्रत्येक एंटरला नवा ड्रॉ निघतो. किती वेळा दाबलंस?”

ऑर्विलनं फोन ठेवला आणि दार उघडलं. सोळा संघ दगडापुढचा बर्फ घासायचे झाडू हातात घेऊन टीव्हीकडे बघत उभे होते. टीव्हीवर भडक हिरव्या-जांभळ्या रंगांत ताजा ड्रॉ झळकत होता: पेनर विरुद्ध पोस्टातल्या बायका. पोस्टातल्या बायकांनी अकरा वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता!

“सॉरी! आईशपथ सांगतो, मला आत काही दिसतच नव्हतं!”

“असेल, असेल,” गर्दीतून कुणीतरी फार गोड आवाजात म्हणालं. “आता हाच राहू दे. तासभर खपून शोधलाय बिचाऱ्यानं.”

कुणाचाही विश्वास बसला नाही. ऑर्विलचे कान लालबुंद झाले. तोंड खाली घालूनच तो बर्फावर उतरला.

अकरा-दोन. हरला!

रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना बिअर पाजायची. पोस्टातल्या बायकांवर ही पाळीच कधी आली नव्हती, त्यामुळे बिअर कुठं मागायची इथून त्यांची सुरुवात. ऑर्विल कोपऱ्यात ग्लास धरून बसला. गॉर्डीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

“मनाला लावून घेऊ नकोस, ऑर्व्ही. तू लबाडी केली नव्हतीस, हे आता सगळ्यांना पटलंय.”