म्हात्रे सरांची पहिली ओळ

म्हात्रे सर समोर ठेवलेला चहासुद्धा तो कुणाचा ते विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत. महापेच्या आमच्या ऑफिसात केक आला तरी प्रश्न ठरलेला, "कोनाच्या नावानं? आनि घर कोनतं?"

ही खोड त्यांना डेटाबेसने लावली. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेलं प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. पहिल्या ओळीत ते कुणाच्या अधिकाराने चालणार ते लिहायचं, दुसरीत त्याचा स्कीमा, म्हणजे टेबलं कुठल्या घरात शोधायची ते. कुणी ओळ कोरी सोडली, की सर खास आपल्या तळवली गावच्या बोलीत त्याची आरती ओवाळायचे. बिनपत्त्याचं मॉड्यूल शेजाऱ्याच्या घरात शिरून जेवतं म्हणे. शिवाय अधिकार विभागाच्या नावाने द्यायचा, माणसाच्या नावाने कधीच नाही. मी एकदा हौसेने माझं नाव घातलं, तर म्हणाले, "तू काय जन्मभर राहनार हायस इथं?"

यंदा ऑडिटवाल्यांनी गेलेल्या माणसांची लॉगिनं बंद करायला सांगितली. काम माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर न वापरलेलं लॉगिन आमच्याकडे आपोआप बंद होतं, पण एक रोज चालू दिसत होतं. सुनंदा म्हात्रे. सरांची बायको; आमच्याच ऑफिसात होती, तीन वर्षांपूर्वी वारली. तिच्या अधिकाराने एक मॉड्यूल रोज सकाळी चालायचं आणि फक्त आजची तारीख विचारून थांबायचं; तेवढ्याने लॉगिन वापरात राहायचं. लिहिणारे अर्थातच सर.

नियम ज्याने केला त्यानेच मोडला, एरवी मी हे ऑफिसभर सांगत सुटलो असतो. त्या दिवशी जीभ रेटेना. गुपचूप त्यांच्या टेबलाशी गेलो आणि स्क्रीन दाखवली.

त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं. "घरात कोन नाय," म्हणाले. "सकाली आलो की चालू लॉगिनच्या यादीत तिचं नाव दिसतं. वाटतं, आली." मग चष्मा पुसत म्हणाले, "नियम हाय. बंद कर."

मी बंद केलं. दुसरा इलाज नव्हता, पण अजूनही मनाला लागून राहिलंय.

गेल्या आठवड्यात एक नवं मॉड्यूल घेऊन त्यांच्याकडे गेलो. पहिली ओळ मुद्दाम कोरी ठेवली होती. म्हटलं, चार शिव्या तरी घालतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, "चालंल" म्हणाले, आणि टेबलावरचा माझा चहा काही न विचारता पिऊन टाकला.