रसायनशास्त्रात एक गुण कमी

माझ्या भाचीला रसायनशास्त्रात एकोणसत्तर गुण मिळाले. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी सत्तर लागतात. बाकी सगळ्या विषयांत ती निकषांत बसत होती. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली ती दहाव्या वर्षापासून काम करायची. बिथरलेली घोडीही तिचा हात लागला की गप्प उभी राहायची. पण अर्जात घोडीसाठी रकाना नव्हता.

मामा या नात्याने मी तिला घेऊन प्रवेश कक्षात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली, हळहळ व्यक्त केली आणि ती परत सरकवली. अनुभवाचा दाखला चालेल का, असं मी विचारलं. चालेल म्हणाल्या, मात्र दाखला देणारी व्यक्ती स्वतः निकष पूर्ण करणारी हवी.

डॉक्टर म्हणजे आमच्या गावातले एकुलते एक पशुवैद्य. छत्तीस वर्षं त्यांनी गावातली जनावरं सांभाळली. त्यांनी पानभर दाखला लिहून दिला. 'हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे,' असं त्यात शेवटी होतं. नियमाप्रमाणे सोबत स्वतःची शाळेची गुणपत्रिका जोडली. रसायनशास्त्रात एक्कावन्न.

कक्षाने दाखला नाकारला, इथवर ठीक होतं. पण फाइल एकदा हलली की कुठे थांबायचं हे तिला कळत नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांना पत्र आलं: आपण प्रवेशास अपात्र असताना पदवी घेतल्याचे निदर्शनास आले आहे. तरी येत्या परीक्षेत सत्तर गुण मिळवून सदर त्रुटीची पूर्तता करावी. त्यांच्या काळी पन्नास पुरायचे, हे मी बाईंना समजावून सांगितलं.

"जनावरं आत्ताचीच आहेत ना?" त्या म्हणाल्या.

मी डॉक्टरांचाही परीक्षेचा अर्ज भरला; भाची रसायनशास्त्राला पुन्हा बसणारच होती.

दोघं एकत्र अभ्यासाला बसली. दवाखाना आधी अर्धा दिवस बंद राहू लागला, मग पूर्ण दिवस. भाची समीकरणं शिकवायची. डॉक्टर चुकले की चष्मा पुसत बसायचे. एकदा नेहमीच्या औषधाची बाटली हातात घेऊन म्हणाले, की इतकी वर्षं आपण जनावरांना काय पाजत होतो ते आज कळलं.

परीक्षेत दोघांचे बैठक क्रमांक एकामागे एक आले. तासाभराने वर्गाच्या दारात गवळीण आली. तिची गाय अडली होती; वासराचा एक पाय बाहेर आणि मान मागे वळलेली. पर्यवेक्षकांनी नियम वाचून दाखवला: वर्ग सोडल्यास उत्तरपत्रिका रद्द. गाईला दोन तास थांबवता येईल का, अशी चौकशीही त्यांनी आपुलकीने केली.

भाची उठली. मागून डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू पेपर पुरा कर," ते म्हणाले. "माझ्यानंतर इथे कोणीतरी लागेल."

आणि बाह्या वर सारत गवळणीमागून निघून गेले. भाची रडत रडत लिहीत राहिली, थेंब पडून उत्तर पुसलं जाऊ नये म्हणून कागद लांब धरून.

डॉक्टरांना शून्य मिळालं. दवाखान्याला सील लागलं आणि दारावर सूचना: 'पात्र पशुवैद्यक तयार होण्यास पाच वर्षे लागतील. तोवर पशुपालकांनी सहकार्य करावे.' भाचीला प्रवेश मिळाला. ती सूचना दोनदा वाचून घरी आली.

अभिनंदनाला नातेवाइकांची रीघ लागली. आत्या, काकू, शेजारी, सगळ्यांनी किती पडले ते विचारलं. वासराचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. तुम्हालाही मी दोन्ही गोष्टी अजून सांगितलेल्या नाहीत. त्यातली कुठली आधी खटकली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

एक्क्याऐंशी पडले.