तोडणी: शून्य

"हा पट्टी घेऊन बसला म्हणजे आपली कंबर गेली," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

समोर यांनी जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरला होता. तीस वर्षं गोदामात मजुरांची हजेरी लिहून निवृत्त झालेला माणूस. रेघा मारल्याशिवाय त्याला जांभईसुद्धा येत नाही.

घरामागच्या पाव एकरात काय लावायचं? मका, बटाटा की भेंडी? बियाणं, खत, पाणी, तोडणी, भाव असे रकाने पडले. बेरजा मी तपासल्या. शाळा सातवीत सुटली, तरी आकड्यांत मला कुणी गंडवून दाखवावं! भेंडीच्या एका रकान्यात शून्य होतं. ती बेरीज तर आणखी सोपी.

भेंडी पहिली आली. मका तोंडावर आपटला.

"दुप्पट फायदा," हे म्हणाले. "कागद खोटं बोलत नाही."

कागद गप्पच होता. बोलत होत्या आमच्या पाठी. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक खेप चुकली की तिचं लाकूड होतं. एका ओळीत सासूबाई, दुसरीत मी, अंगात यांचे जुने लांब बाह्यांचे शर्ट. तरी हात असे खाजायचे, की पाहुण्यांना नमस्कार करता करता मी खाजवून घेई. आणि हे? सावलीत खुर्ची टाकून वजन लिहीत.

"आज चाळीसच किलो. परवा पंचेचाळीस होती. लक्ष कुठंय तुमचं?"

कागदाची कीर्ती कुंपण ओलांडून गेली. पलीकडच्या पडीक एकराचा मालक, एक चष्मेवाला शिंपी, जमीन भाड्यानं द्यायचं बोलायला आला.

"पुढच्या हंगामात तिथंही भेंडीच," यांनी जाहीर केलं. माझ्या हातातला चहा बशीत उतरला.

शिंपी कागदावर वाकला. "सगळं झकास. पण तोडणीपुढं शून्य?"

"ती घरच्या घरी होते."

होते म्हणे. जशी सकाळ होते, तशी. शिंप्यानं चष्मा पुसायला घेतला.

सासूबाईंनी भरलेली टोपली थेट कागदावर आदळली.

"तीस वर्षं लोकांची हजेरी मांडलीस ना? आता आमची मांड. दोघीजणी, दिवसाआड, दोन महिने."

यांनी पेन्सिल उचलली. गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला. मका वर सरकला, बटाटाही सरकला. भेंडी पार तळाला गेली.

"म्हणजे फायदा भेंडीचा नव्हता," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही फुकट राबलो, त्याचा होता." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं शहाणे, बेरीज तपासलीस ना? त्या शून्यात आपण दोघी बसलोय, ते नाही दिसलं?"