टिकटिक आणि दहापैकी दहा

"दादा, दहापैकी नऊ दिले तर काय होतं?"

हा प्रश्न मी सुवेग मोटर्सच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, भर रविवारी, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारला. पैज माझ्या वर्गातल्या संचिता आणि समृद्धीने लावलेली. न विचारता परत आले असते तर आठवडाभर दोघींची दप्तरं मला उचलावी लागली असती. प्रश्न ऐकताच काउंटरवरच्या सिद्धेशदादाचं हसू गळून पडलं.

तर, प्रकरण असं. आईने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. कळव्याहून घोडबंदर रोडवरच्या ऑफिसला जायला. "जाममध्येच उभं राहायचं तर शेअर रिक्षा काय वाईट आहे?" असं बाबांचं मत होतं. आईने ते ऐकून घेतलं आणि गाडी घेतली. पावसाळा संपता संपता इंजिनातून टिकटिक सुरू झाली. शिलाई मशीनसारखी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मशीनवालीला घाई झाल्यासारखी. बाबांनी तत्काळ मुदत जाहीर केली, "दिवाळीपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी विकायची." आई एरवी कुणाला घाबरत नाही, पण तेव्हापासून बाबा गाडीत बसले की ती एसीचा पंखा चारवर ठेवायची.

पहिल्या खेपेला सिद्धेशदादाने तक्रार अतिशय शास्त्रशुद्ध पद्धतीने समजून घेतली.

"मॅडम, आवाज कुठे ऐकू येतो?"

"गाडीत बसल्यावर."

"म्हणजे केबिनमध्ये."

"अहो, येतो इंजिनातून. ऐकू केबिनमध्ये येतो."

"करेक्ट. म्हणजे तक्रार केबिनची झाली," असं म्हणून त्याने टॅबवर केबिनचं चित्र दाबलं. इंजिनचं चित्र बाजूलाच होतं. ते तसंच राहिलं.

केबिन विभागाने कामात कसूर केली नाही. नवीन मॅट आले, मोगऱ्याचा परफ्यूम आला. टिकटिक मोगऱ्याच्या वासात येऊ लागली. मग फोन आला, "सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी?" आई बोलणार इतक्यात बाबा म्हणाले, "दे ना दहा. बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय?" आईने दहा दिले.

दुसऱ्या खेपेला कळलं की मागची तक्रार दहा गुण घेऊन सुटलेली असल्यामुळे तोच आवाज पुन्हा नोंदवता येत नाही. नवीन आवाज असेल तर सांगा. आईने नाइलाजाने "टिकटिक" ऐवजी "टकटक" लिहायला सांगितलं. टकटकीवर इलाज म्हणून सीट कव्हर बदलण्यात आलं. पुन्हा फोन, पुन्हा दहा.

आणि आज तिसरी खेप. म्हणून तो प्रश्न.

"नऊ म्हणजे नापास, ताई," सिद्धेशदादा खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्यात पासिंग दहाला आहे."

"बाप रे! मग मॅथ्समध्ये मी तुमच्यापेक्षा सेफ आहे."

"हसू नका ना. नऊ आले की कंपनीच्या रिपोर्टमध्ये सेंटर लाल होतं. लाल झालं की प्रफुल्ल सर येतात."

नऊ नुसते उच्चारले होते, तरी प्रफुल्ल सर आले. काचेच्या केबिनमधून, फुलांचा गुच्छ घेऊन. गुच्छ तयारच होता. त्यांनी आईला खुर्ची दिली, बाबांना कॉफी दिली, मला पेन दिलं आणि हात जोडून विचारलं, "दहा का नाही, मॅडम? आमचं काय चुकलं?"

"आवाज येतो," आई म्हणाली.

"ऐकू येतो, हीच ना अडचण?" सरांचा चेहरा उजळला. "सिद्धेश, मॅडमना मोठे स्पीकर बसव. आपल्याकडून गिफ्ट."

तासाभराने आम्ही घोडबंदर रोडला लागलो तेव्हा डॅशबोर्ड, खिडक्या आणि माझे दात एकाच तालात हलत होते. टिकटिक नावालाही ऐकू येत नव्हती.

"बघ! गेला ना आवाज!" बाबा ओरडले.

"काय?" आई ओरडली.

"गाडी विकायची नाही, म्हणतोय!"

आई हसली. पाच मिनिटांनी डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं लाल चित्र पेटलं. आईने गाडी कडेला घेऊन बंद केली. मग आम्ही तिघांनी, तीन खेपांत पहिल्यांदाच, बॉनेट उघडलं. म्हणजे आधी ते उघडायचा खटका शोधला. आईने तेल मोजायची पट्टी ओढून पुसली, परत घातली, परत काढली. टोकापर्यंत कोरडी. तीन खेपांत गाडीला सगळं मिळालं होतं, एक तेल सोडून.

बाबा पुढच्या पंपावर चालत गेले आणि डबा घेऊन आले. आईने तेल ओतलं, गाडी चालू केली. थोडा वेळ टिकटिक, मग सावकाश टिक... टिक... आणि मग काहीच नाही. स्पीकर बंद असतानासुद्धा काहीच नाही. आईने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. बाबांनी गाडी विकण्याचा विषय रुमालाला हात पुसता पुसता मागे घेतला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझ्या दहावीच्या क्लासमधून. तुमच्या पाल्याला आमचा क्लास कसा वाटतो, दहापैकी?

"दहा!" बाबा म्हणाले. सवयीने.

जूनपासून मी सांगतेय की क्लासमध्ये नव्वद मुलं आहेत आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. त्यावर मला फिरती खुर्ची मिळाली. मग टेबल लॅम्प. मग बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून हेडफोन.

"आई, बाबा, मी क्लास सोडतेय," मी म्हणाले.

"अगं, पण आत्ताच दहा दिले ना मी!" बाबा म्हणाले.

"आणि ती खुर्ची? एवढी चांगली घेतली तुला!" आई म्हणाली.

खुर्ची उत्तम आहे, हे मी मान्य केलं. खुर्चीला दहापैकी दहा. "पण उद्यापासून त्या वेळेला मी घरी असणार," मी जाहीर केलं, "आणि तुमच्यापैकी एकाने समोर बसून मला विचारायचं, नेमकं काय कळत नाही."

बॉनेट अजून उघडंच होतं. दोघंही त्यात बघत राहिले.