प्रणाली-निवड समिती आणि एक थेंब

यंत्र विकत घेणं सोपं असतं. ते चालू करणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, आणि जबाबदारीची गोष्ट एकट्यादुकट्यानं करू नये. म्हणूनच संशोधन संस्थेत शेकडो संगणक एकत्र जोडलेला नवा समूह आला, तेव्हा त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची हे ठरवायला प्रणाली-निवड समिती नेमली गेली. (ही प्रणाली नसेल तर संगणक म्हणजे नुसतं कपाट. कपाट निदान उघडतं तरी.)

समितीत थेंबवाल्या बाई होत्या. पडणारा थेंब जमिनीवर आपटून कसा फुटतो, यात त्यांनी उभी हयात घातली होती. त्या फुटण्याचं पूर्ण गणित साध्या संगणकावर मांडलं असतं तर उत्तर पाहायला पुढचा जन्म घ्यावा लागला असता; या समूहावर ते काही आठवड्यांत होणार होतं. निवृत्ती तोंडावर आलेली. त्यामुळे पहिल्याच बैठकीत बाई म्हणाल्या, "मला कुठलीही चालेल. पण लवकर."

समिती गंभीर झाली. ज्याला कुठलीही चालते त्याच्या निःपक्षपातीपणाची खात्री देता येत नाही, असं अध्यक्षांनी खेदानं नोंदवून घेतलं.

बाकीचे मात्र तयारीनं आले होते. रसायनवाल्यांना वर्षानुवर्षं न बदलणारी प्रणाली हवी होती. तिच्यात नवीन काही म्हणजे काही घडत नाही, हाच तिचा मोठेपणा. तारे मोजणाऱ्या गृहस्थांना सतत बदलणारी हवी होती. काल चाललेलं आज चालत नाही, त्यामुळे म्हणे बुद्धी तल्लख राहते. हिशेब विभागाला विकतची हवी होती, कारण बिघडली की फोन करून ओरडायला हक्काचा माणूस मिळतो. तिन्हींचा आतला गाभा एकच आहे, हे सर्वांना मान्य होतं. इतकं साम्य असताना घाई करणं धोक्याचं, हेही मान्य होतं.

उन्हाळा आला. संगणक बंदच होते, पण त्यांना गारवा लागतो म्हणून त्यांची खोली थंडगार ठेवलेली. माणसं डबे घेऊन तिथं जेवायला येऊ लागली. (या काळात समूहाचा वापर ऐंशी टक्क्यांवर गेला, असं वार्षिक अहवालात अभिमानानं म्हटलं आहे.)

एका संध्याकाळी बाई घरी येऊन धपकन खुर्चीत बसल्या. नवरा दंतवैद्य.

"अजून ठरलं नाही?"

"चहा कितीदा घ्यायचा तेवढं ठरलंय."

"मग तात्पुरती बसव ना एखादी. आम्ही दाताला तात्पुरती टोपी बसवतो. लोक नंतर फिरकतही नाहीत. तीच टोपी घेऊन नातवंडांच्या लग्नात जेवतात."

पुढच्या बैठकीत बाईंनी विचारलं, "निर्णय होईपर्यंत चाचणीपुरती, अगदी तात्पुरती, एक बसवू या का?" तात्पुरत्या गोष्टीनं कुणाचा पराभव होत नाही. चहा यायच्या आत ठराव मंजूर झाला.

"कुठली बसवू?" तंत्रज्ञानं विचारलं.

"जी हाताशी असेल ती."

दुपारी ती बसली. संध्याकाळी बाईंचा थेंब पडू लागला. पाठोपाठ रसायनवाले आले, तारेवाले आले, हिशेब विभागही आला. सगळे दिवसभर त्या प्रणालीवर आपापली गणितं चालवत आणि मग समितीत येऊन आपापल्या प्रणालीसाठी घसा कोरडा करत.

आणि अचानक एकमत झालं. कुणालाच नको असलेल्या चौथ्या प्रणालीवर झालं. ती विरुद्ध पक्षाचीही नव्हती, हा तिचा गुण सर्वांना एकदमच दिसला.

"उद्या सकाळी आहे ते पुसा आणि नवी चढवा," अध्यक्ष म्हणाले.

बाईंचा थेंब जमिनीपासून केसभर वर होता. पुसलं असतं तर तो पुन्हा वरपासून पाडावा लागला असता, आणि तेवढे दिवस त्यांच्यापाशी उरले नव्हते. गयावया करून उपयोग नाही, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. त्या उठल्या, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "एक शंका आहे. प्रणाली बसवण्याचे निकष आपण ठरवले. काढण्याचे कुठे ठरलेत?"

अध्यक्षांनी इतिवृत्त चाळलं.

"मुद्दा आहे," तारेवाले म्हणाले.

"उपसमिती लागेल," हिशेब विभाग म्हणाला.

अध्यक्षांनी उठून बाईंना नमस्कार केला. "बाई, आज तुम्ही खऱ्या अर्थानं समितीच्या झालात."

उपसमितीच्या अध्यक्षपदी बाईंचीच निवड झाली.

थेंब त्याच आठवड्यात फुटला. पडद्यावर आधी एक पातळ कडं उठलं, मग त्याच्या काठावर बारीक टोकं आली, आणि प्रत्येक टोकावरून एकेक इवला थेंब सुटला. बाईंनी नवऱ्याला फोन केला. खुर्चीतल्या रुग्णाला 'आ' करून बसायला सांगून तो धावत आला. सगळं पाहून झाल्यावर तो म्हणाला, "पुन्हा दाखव." (रुग्णाची तक्रार यथावकाश मिटली.)

बाई निवृत्त झाल्या. उपसमिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली अजून बसते. तात्पुरती प्रणाली उत्तम चालू आहे.

वाचकांना हे सारं हास्यास्पद वाटेल, याची संस्थेला कल्पना आहे. तिचं नम्र म्हणणं एवढंच, की तिनं निदान चार पर्याय पाहिले. ज्या फोनमध्ये तुमचे फोटो, तुमची गुपितं आणि सगळी नातीगोती आहेत, तो घेताना तुम्ही दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता: "यात निळा आहे का?" आणि नव्हता, म्हणून काळा घेतलात.