बॅटरीच्या पाण्याची सोयरीक

"रव्वारी रोह्याचं पाव्हणं पानी मोजाया येतंय ना, येऊंदे," महिपती घरतानं देवळाच्या ओट्यावर जाहीर करून टाकलं. "असं पानी दाखवतो, का त्यांचं मशीनच लाजंल!"

मुलगी द्यायची तर आधी पाणी मोजायचं, याला कारण होतं. गाव पेणच्या खारेपाटातलं, खाडीकाठचं. तिथल्या विहिरीत खाडी केव्हाच नांदायला आलेली. खोटं वाटेल, पण गावचा कावळासुद्धा तहान लागली की एसटीच्या टपावर बसून पेणला जायचा आणि परतीच्या गाडीनं यायचा. बायकांची हयात लांबच्या तळ्यावरून हंडे आणण्यात सरायची. खारेपाटात पोर देणं म्हणजे तिचं हंड्याशी लगीन लावणं, असं आसपासचे लोक उघड म्हणायचे. महिपतीच्या मोरूचं प्रत्येक स्थळ याच हंड्यावर आपटून फुटलं होतं. पोरगा मिठागरावर कामाला, अंगानं बैल, स्वभावानं गाय; पण तिशी दारात येऊन चपला काढत होती.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या साली रोह्याच्या मालूचं स्थळ आलं. तिचा बाप शिवा एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होता. बायको गेल्यापासून त्याचा सगळा जीव या एका पोरीत. घर नको, शेत नको, मला पाणी दाखवा, मी मीटर घेऊन येतो, असा त्याचा निरोप होता.

महिपतीनं पेण गाठलं. तिथला बॅटरीवाला डेव्हिड त्याचा जुना दोस्त. जगात सगळ्यात शुद्ध पाणी कोणतं, असं महिपतीनं त्याला विचारलं. डेव्हिडनं हातातलं काम न सोडता सांगितलं, की बॅटरीत घालतो ते. त्यात पाण्याशिवाय काहीच नसतं. ते प्यायचं नसतं, हे सांगायला त्यानं मान वर केली, तोवर महिपती कॅन उचलून टेम्पोत बसलासुद्धा.

रविवारी सकाळी माठ घासून त्यात ते पाणी भरलं. उरलेला कॅन कोपऱ्यात ठेवला. ही भानगड महिपतीनं आपल्या आईला, धोंडुबाईला, मुद्दाम सांगितली नाही. तिला सांगणं म्हणजे मिठागरावर दवंडी पिटणं.

शिवा आला. खिशाला दोन पेनांसारखे मीटर. मोरू समोर बसला होता, हमरापूरच्या कारखान्यातल्या न रंगवलेल्या गणपतीसारखा, पांढराफट्ट. शिवानं माठातून पेलाभर पाणी घेतलं. पहिला मीटर पीएचचा. पाणी किती आंबट ते सांगणारा. आकडा सातच्या जरा खाली आला. शिवानं समाधानानं मान हलवली. महिपतीच्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला.

दुसरा मीटर क्षारांचा. तो बुडवला मात्र, सगळे आकडे पळाले आणि कडेला एकटा एक उभा राहिला.

"एक," महिपती खुशीत म्हणाला. "पयलाच नंबर आला."

शिवानं मीटर पुसला, पुन्हा बुडवला. पुन्हा एक.

"पाव्हणं, मोजणं हाताबाहेर गेलं का हा एक दाखवतो. खाडीत बुडवला तरी येवढंच दाखवंल."

"कसं दाखवंल?" महिपती भडकला. "बॅटरीचं पानी हाय ते!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली, पण जीभ चावून शब्द परत आत जात नाही. तेवढ्यात धोंडुबाई चुलीजवळून उठून आली.

"बॅटरीचं? तरीच म्हटलं. सकाळी घोटभर प्याले तर निस्तं अळणी. पेजंत मीठ इसरावं तसं. असलं पानी पाव्हण्याम्होरं ठेवाचं? म्हणून चिमूटभर मीठ टाकलं."

जन्म मिठागरात गेलेल्या बाईची चिमूट ती. शहरात तिला ओंजळ म्हणतात.

शिवानं मीटर खिशाला लावले, हात जोडले आणि चपला शोधू लागला. महिपतीला वाटलं, आता आपला मोरू हंड्याशीच म्हातारा होणार.

"थांब रे बाबा," धोंडुबाई म्हणाली. "आमचं पानी खारं. तळं लांब. ते काय लपतंय? पन पोरीला हंडा उचलावा लागंल म्हणून तू मशीन घेऊन आलास, व्हय ना?"

शिवा थांबला. हळूच व्हय म्हणाला.

"मंग हे बघ." तिनं मोरूचा शर्ट खांद्यावरून खाली ओढला. मोरू नव्या नवरीसारखा लाजला. खांद्यावर कावडीचा घट्टा होता, बैलाच्या मानेला पडतो तसा. "माजी सून, ह्याची आय, गेली तवापास्नं या घरात बाईनं पानी भरलं नाय. हा भरतो. बुडव तुझं पेन हितं."

शिवानं त्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग चपला होत्या तिथंच ठेवल्या आणि महिपतीला म्हणाला, "चहा ठेवा. तळ्याच्या पान्याचा."

लग्न रोह्याला ठरलं. वऱ्हाडाचा टेम्पो नागोठण्यापुढं खोकत थांबला. ड्रायव्हर म्हणाला, बॅटरीतलं पाणी आटलंय. महिपतीची छाती फुगली. घरून आठवणीनं बरोबर घेतलेला तो उरलेला कॅन त्यानं सीटखालून ओढला. शुद्ध पाणी कधी वाया जात नाही, असं सगळ्यांना ऐकवत स्वतःच्या हातानं ओतलं. टेम्पोनं एक आचका दिला आणि कायमचे डोळे मिटले.

मागून धोंडुबाईचा आवाज आला, "त्यात पन टाकलंय मी. माठातलं संपलं का परत कोन चाखत बसंल?"

मोरू खाली उतरला, मुंडावळ्या मागं टाकल्या आणि टेम्पोला खांदा लावला. घट्टा होताच.