पांढऱ्या डागांचा निवडुंग

मी एक झाड जगवून दाखवणार होतो. एकच! पण असं, की अख्ख्या मिल्पा आल्ता गावाने तोंडात बोट घालावं!

आमच्या या सासुरवाडीत भाजीसाठी निवडुंगच पिकवतात; पोरं चालायच्या आधी तो सोलायला शिकतात. मी शहरातला कारकून. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासरे, क्रिसोफोरोमामा, चारचौघांत माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. कागदांवर शिक्के मारतात." मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की जावयाने निवडुंग लावला!

म्हणून मी चितकबरा फड्या निवडुंग आणला. हिरव्या फड्यांवर पांढरे-गुलाबी शिंतोडे, रंगाऱ्याने ब्रश झटकावा तसे. पाणी बेताचं, माती भुसभुशीत, आणि निव्वळ हिरवा कोंब दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर सगळं झाडच हिरवं होतं! हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं. कुंडी मामांच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला ठेवली. लोकांनी बघायला नको?

लोकांनी बघितलं. शेजारच्या फिलोमेनाकाकूंनी तर छातीवर क्रूसाची खूणच केली.

"अगं बाई! केव्हापासून आजारी आहे?"

"काकू, ही जातच अशी आहे. दुर्मिळ!"

"आमचे हे गेले तेव्हा त्यांच्याही अंगावर असेच डाग होते. तेही शेवटपर्यंत कबूल करत नव्हते."

दुसऱ्या दिवशी कुंडीत कुणीतरी औषध म्हणून चुना टाकून गेलं. तिसऱ्या दिवशी तंबाखूचं पाणी. शुक्रवारी व्यापारी तिबुर्सियो आला, तो ट्रकमधून खालीच उतरेना!

"क्रिसोफोरो, तुमच्या घरात रोग शिरलाय म्हणे. माल नको."

अंगणात दोन आठवड्यांत तोडलेले मामांचे फडे गोल रचून ठेवलेले. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शिक्के मारायची फार आठवण झाली.

"मामा, तो रोग नाही, सौंदर्य आहे!"

"सोमवारपर्यंत माझा माल कुजेल, जावईबापू. मग त्याचं सौंदर्य बघत बसू."

आमच्याकडे मालावर शंका आली, की पिकवणाऱ्याने तो गिऱ्हाइकासमोर कच्चा खाऊन दाखवायचा. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सुरी उचलली आणि माझ्या झाडाचा एक फडा कापला.

"अहो, सोलता येतं का तुम्हाला?" बायको, चायो, कुजबुजली.

"वहीत आहे."

वहीत नव्हतं! मोठे काटे निघाले, बारीक कुसळं राहिली आणि ती सगळी माझ्या जिभेत घुसली.

"कसा आहे?" तिबुर्सियोने विचारलं.

"थुंदर!" डोळ्यांतून पाणी काढत मी म्हणालो.

त्याने माल भरायला घेतला. तेवढ्यात मागून आणखी दोन व्यापारी आले. "आम्ही कुठे बघितलं?" झालं, दुसरा फडा! फिलोमेनाकाकू आपल्या बहिणीला घेऊन आल्या. तिसरा! जेवणाच्या वेळेपर्यंत मामांचा सगळा माल गेला आणि माझ्या झाडाचा एकच फडा उरला. तो मामांनीच परत कुंडीत खोचला. चायो चिमटा घेऊन माझ्यासमोर बसली. "काढा जीभ बाहेर. चारचौघांत मिरवायचं होतं ना?"

मी दोन महिने तोंड दाखवलं नाही. मग एका रविवारी जेवायला गेलो, तर वीस-पंचवीस पाहुण्यांसमोर मामांनी माझा हात धरला आणि मला कुंडीपाशी नेलं. त्या फड्याला तीन कोंब फुटले होते. टवटवीत, जाडजूड आणि हिरवेगार! पांढरा ठिपका औषधालाही नव्हता.

"बघा!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "आमच्या जावयाने निवडुंग लावला! मरायला टेकला होता, पोराने बरा करून दाखवला!"

टाळ्या पडल्या. फिलोमेनाकाकूंनी शालीच्या टोकाने डोळे टिपले. "चुना मीच टाकला होता हो," त्या म्हणाल्या.

ते हिरवे कोंब खुडायला निघालेला माझा हात अर्ध्यावरच थांबला. मग मी तो तसाच वर नेला आणि हसत हसत सगळ्यांना हलवून दाखवला.